केवलादेवचे हिवाळे

राजस्थानात भरतपूर शहराच्या कडेला जे पाणथळ रान आहे, त्यास आसपासचे लोक 'घना' म्हणतात. सरकारी दप्तरात त्याचे नाव केवलादेव राष्ट्रीय उद्यान. महादेवाच्या ज्या देवळावरून हे नाव पडले, त्याच्या जवळच काही शिळा उभ्या आहेत. त्यांवर कोणा राजाच्या विजयाचे वर्णन नाही की दानपत्रही नाही. शिकारीची तारीख, मुख्य पाहुण्याचे नाव, बंदुकांची संख्या आणि पडलेल्या पक्ष्यांची संख्या, एवढाच त्यांचा मजकूर. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ३९ बंदुकांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले, असे त्यांतील एक नोंद सांगते.

इतिहासाच्या अभ्यासकास असे साधन मोलाचे वाटावे. तारीख पक्की, आकडा पक्का, आणि खोटे लिहिण्याचे कारण नाही. परंतु हे पक्षी कोठून आले होते, पुढील हिवाळ्यात किती आले, मुळीच आले की नाही, हे त्या शिळेस सांगता येत नाही. शिकारीची नोंद सूर्यास्ताबरोबर पुरी होते. अभ्यासाची नोंद मात्र पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत पुन्हा जाऊन पडताळावी लागते. तोवर ती अर्धीच असते. केवलादेवला असे हिवाळ्यामागून हिवाळे परत जाणाऱ्या अभ्यासकांचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. त्या परत जाण्याने काय कळले, आणि ते पुरे होण्याआधी घेतलेल्या एका निर्णयाची किंमत कोणी मोजली, हा त्यातला मुख्य भाग आहे.

मराठी वाचकास भरतपूर परके नाही. १७५४ साली खंडेराव होळकर पडले ते जवळच्याच कुंभेरच्या वेढ्यात. आणि १७६१ मध्ये पानिपतावरून दक्षिणेकडे परतणाऱ्या मराठ्यांस अन्नवस्त्र व आसरा दिला तो येथल्याच सूरजमल जाटाने. ह्याच सूरजमलच्या नावाशी अजान बांधाचे बांधकाम जोडले जाते. भरतपूरभोवतालची जमीन खोलगट आहे. गंभीर आणि बाणगंगा ह्या नद्यांचे पावसाळी पाणी तेथे पसरत असे. बांधाने ते अडविले गेले आणि सोडता-राखता येऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने कालवे, बंधारे आणि झडपा बांधून बदकांच्या शिकारीसाठी हे पाणी आणखी नीट खेळविले. म्हणजे आज आपण ज्यास निसर्गाची देणगी म्हणतो, ते सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे रान माणसाच्या हातचे आहे. भोवतालच्या गावांची गुरे, म्हशी विशेषेकरून, पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत आली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

स्वातंत्र्यानंतर ह्या रानावर निराळे संकट आले. पाणी काढून टाकून जमीन शेतीस वाटून द्यावी, अशी मागणी होऊ लागली. भुकेल्या देशात तीस गैर म्हणणे सोपे नव्हते. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत दाद मागितली आणि रान वाचले. १९५६ साली ते अभयारण्य जाहीर झाले; माजी संस्थानिकांचा शिकारीचा हक्क मात्र त्यानंतरही काही वर्षे टिकून राहिला. त्यामुळे काही काळ असा गेला की एकाच पाण्यावर बंदूकही येत होती आणि दुर्बीणही.

पक्ष्यांचा अभ्यास ह्या देशात पूर्वी बंदुकीनेच होत असे. एकोणिसाव्या शतकात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, जे पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे प्रसिद्धीस आले, ते इटाव्यास कलेक्टर असताना तेथील झिलांवर हिवाळ्यात येणाऱ्या पांढऱ्या सायबेरियन क्रौंचांकडे लक्ष ठेवून असत. त्यांच्या टिपणांवरूनच ह्या पक्ष्याच्या भारतातील हिवाळी मुक्कामाविषयी जगास प्रथम तपशिलाने कळले. परंतु त्या काळी पक्षी ओळखणे म्हणजे त्यास मारून, कातडे सोलून, मोजून पेटीत ठेवणे. पेटीतला पक्षी शंभर वर्षे टिकतो. पण तो पुढच्या वर्षी परत येत नाही.

जिवंत पक्ष्यास ओळखीची खूण घालून सोडून द्यावे आणि तो पुन्हा सापडण्याची वाट पाहावी, ही कल्पना येथे विसाव्या शतकात रुजली. तिचा पहिला प्रयोग माळव्यात, पवारांच्या धार संस्थानात, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. मराठी राज्यकर्त्यांच्या त्या संस्थानाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने रानबदकांच्या पायांत कडी घालून ती सोडली. १८८३ साली मुंबईस स्थापन झालेल्या ह्याच संस्थेशी सलीम अलींचे सारे आयुष्य निगडित होते. १९३० मध्ये, हाती नोकरी नसताना, अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी सुगरणीच्या वसाहतीसमोर रोज बसून जे टिपले, त्यावरून एक नर अनेक घरटी बांधतो व एकाहून अधिक माद्यांशी संसार थाटतो, हे सिद्ध झाले. तीच घरटी, तोच नर, रोज पुन्हा पाहणे, ही पद्धत पुढे त्यांनी मोठ्या प्रदेशावर आणि लांब मुदतीवर लावली.

तिला पैसा व मनुष्यबळ मिळाले ते एका रोगामुळे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. त्या रोगाचा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी नात्याने जवळचा निघाला. तेव्हा हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तो येथे आला असावा काय, असा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली आणि १९५९ साली सोसायटीचा पक्षी-स्थलांतराचा प्रकल्प सुरू झाला. भरतपूर हे त्याच्या प्रमुख केंद्रांपैकी एक होते.

ह्या छावण्यांतील पक्षी पकडण्याचे कौशल्य विद्यापीठांतून आलेले नव्हते. ते बिहारमधील मीरशिकारांचे होते. पक्षी पकडून विकणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांना सोसायटीने कामास लावले. त्यांपैकी अली हुसेन यांचे नाव पक्षिशास्त्राच्या इतिहासात आदराने घेतले जाते. कोणता पक्षी कोणत्या वेळी कोणत्या काठावर उतरतो, फास कोठे लावावा, जाळे किती उंच बांधावे म्हणजे पक्ष्याचे पीसही मोडणार नाही, हे ज्ञान त्यांच्या हातात होते. पदवीधरांनी ते त्यांच्याकडून शिकून घेतले. पहाटे जाळी पाहावयाची, पक्षी कापडी पिशव्यांतून आणावयाचे, पंख व चोच मोजावयाची, वजन करावयाचे, अंगावरील गोचीड काढून कुपीत ठेवावयाचे, पायात हलके ॲल्युमिनियमचे कडे घालावयाचे आणि पक्षी सोडून द्यावयाचा, असा ह्या कामाचा क्रम असे. कड्यावर क्रमांक आणि 'मुंबईच्या संस्थेस कळवा' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असत.

कडे घालताना काहीच कळत नाही, हे ह्या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. त्या दिवशी वहीत फक्त एक क्रमांक चढतो. ज्ञान होते ते पक्षी दुसऱ्यांदा सापडल्यावर. भरतपूरला कडे घातलेले बदक सोव्हिएत संघातील एखाद्या शिकाऱ्याच्या हाती लागते, तो कड्यावरील अक्षरे पाहून पत्र धाडतो, तेव्हा हजारो किलोमीटरांच्या एका वाटेची दोन टोके जुळतात. किंवा तोच पक्षी पुढील एखाद्या हिवाळ्यात त्याच तळ्यावरच्या जाळ्यात पुन्हा सापडतो, तेव्हा त्याचे परत येणे सिद्ध होते. पक्षी परत येतो हे ठरविण्यासाठी माणसानेही परत यावे लागते.

क्यासनूरच्या रोगाचा पक्ष्यांशी लावलेला संबंध पुढे सिद्ध झाला नाही. शिवाय १९६० च्या दशकात ह्या कामास अमेरिकी सैन्याच्या एका संशोधन विभागाचा पैसा मिळाला होता, त्यामुळे १९७० च्या दशकात संसदेपर्यंत संशयाची चर्चा गेली. तो संशय निराधार होता की काय ह्या वादात आम्ही शिरत नाही. आमच्या विषयापुरते इतकेच की ज्या प्रश्नासाठी छावण्या पडल्या त्याचे उत्तर 'नाही' असे आले, तरी वह्या मागे राहिल्या, आणि परत जाण्याची सवय मागे राहिली.

ह्या सवयीचा खरा कस लागला तो सायबेरियन क्रौंचाच्या बाबतीत. शुभ्र अंग, तांबडा उघडा चेहरा, आणि उडतानाच दिसणारी पंखांची काळी टोके. असा हा पक्षी सायबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून निघून, अफगाणिस्तानातील आब-इ-इस्तादा सरोवरावर विसावा घेत, पाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून केवलादेवला येत असे. बहुधा नर, मादी आणि असल्यास एक तपकिरी झाक असलेले पिल्लू, असे छोटे कुटुंब. १९७० च्या दशकात अमेरिकी अभ्यासक रॉन सॉवी यांनी भरतपूरला राहून ह्या कुटुंबांच्या दिनक्रमाचा अभ्यास केला. प्रत्येक कुटुंब उथळ पाण्याचा आपला तुकडा राखून असते, आणि चिखलातून नागरमोथ्याच्या जातीच्या लव्हाळ्यांचे कंद उकरून खाण्यात त्याचा बहुतेक दिवस जातो, असे दिसून आले. पिल्ले वेगळी ओळखू येत असल्याने, हिवाळ्यात भरतपूरला किती पिल्ले उतरली ह्यावरून त्या उन्हाळ्यात दूर सायबेरियात वीण कशी झाली ह्याचा अंदाज बांधता येई.

१९६० च्या दशकाच्या मध्यास केवलादेवला सुमारे २०० सायबेरियन क्रौंच मोजले गेले होते. १९८० च्या दशकात ही संख्या चाळिसांच्या आसपास आली. १९९२-९३ च्या हिवाळ्यात पाच पक्षी आले. ह्या ओहोटीची कारणे वाटेवर होती. पाकिस्तानच्या वायव्य भागात, बन्नू व कुर्रमच्या खोऱ्यांत, वजन बांधलेल्या दोऱ्या आकाशात फेकून क्रौंच पकडण्याची जुनी रीत आहे. अफगाणिस्तानात १९७९ पासून युद्ध पेटले आणि बंदुका घरोघरी पोहोचल्या. परंतु ह्या कारणांइतकाच महत्त्वाचा प्रश्न केवलादेवच्या स्वतःच्या चिखलात उभा राहत होता. तो असा.

१९८१ साली केवलादेव राष्ट्रीय उद्यान ठरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. शिवाय म्हशी पाणथळ तुडवितात, गवत खातात आणि पक्ष्यांस त्रास देतात, असा समज निसर्गप्रेमींत रूढ होता. सलीम अलींसारख्या जाणत्यांचा कौलही चराईच्या विरुद्ध होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. ज्या गावांची म्हशींवर चूल पेटत असे, त्यांस दुसरे कुरण दाखविण्यात आले नव्हते. लोक एकत्र जमले, पोलिसांशी चकमक झाली, गोळीबार झाला आणि त्यात गावकऱ्यांचे प्राण गेले. कुरणापायी माणसे मेली ती त्याच रानाच्या दारात, जेथे पाहुण्यांच्या बंदुकीखालील पक्ष्यांची संख्या दगडावर कोरलेली आहे. ह्या माणसांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत.

योगायोग असा की ह्याच्या दोनच वर्षे आधी, १९८० साली, सोसायटीने केवलादेवच्या परिसराचा दीर्घ अभ्यास हाती घेतला होता. डॉ. व्ही. एस. विजयन हे त्याचे प्रमुख होते. दहा वर्षे तरुण संशोधक तेथे राहिले. पाण्याची खोली, गवताची वाढ, मासे, किडे आणि पक्षी यांची त्यांनी पुनःपुन्हा मोजदाद केली. बंदीपूर्वीचा काळ त्यांच्या वहीत होता, म्हणूनच बंदीनंतरचा काळ त्यांना तोलून पाहता आला. बंदीनंतर कामास आरंभ केला असता तर गवताने भरलेले तळे त्यांनाही तळ्याचे मूळचेच रूप वाटले असते.

वह्यांतून निघाले ते सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध होते. म्हशी गेल्याबरोबर पास्पालम नावाचे पाण्यातले गवत मोकाट वाढले. त्याने उघडे पाणी झाकून टाकले. त्याच्या कुजण्याने तळे उथळ होऊ लागले. माशांस आणि पाणपक्ष्यांस जागा उरेना. जाड मुळांच्या त्या जाळीतून कंद उकरणे क्रौंचांसही कठीण झाले. म्हशी इतकी वर्षे तळ्याचा नाश करीत नव्हत्या, त्या ते उघडे ठेवीत होत्या. माणसाने बांधलेल्या पाण्यात माणसाची गुरे हा व्यवस्थेचाच भाग होता. चराईवरील सरसकट बंदी योग्य नव्हे, गवत आटोक्यात ठेवण्यास म्हशींचा उपयोग करावा, असा निष्कर्ष अभ्यासाअंती मांडला गेला. ज्या संस्थेच्या थोरांचे वजन चराईविरोधी पारड्यात पडले होते, तिनेच आपल्या दहा हिवाळ्यांच्या आधारे हे लिहून दिले, ह्याबद्दल तिचा गौरव केला पाहिजे. पुढे गावकऱ्यांस परवान्याने आत जाऊन गवत कापून नेण्याची मुभा मिळाली.

परंतु येथे आम्हांस थांबून विचार करावासा वाटतो. तळ्याकाठच्या म्हशीवाल्यास हे ठाऊक नव्हते काय? तो तर दहा नव्हे, चाळीस हिवाळे त्याच पाण्यात उतरला होता. त्याचा बाप आणि आजाही उतरले होते. मीरशिकारांच्या हातातले ज्ञान शास्त्राने सन्मानाने घेतले, त्यांना छावणीत बसविले. म्हशीवाल्याच्या पायातले ज्ञान मात्र कोणी विचारले नाही. अडाण्याचे ते सारेच खरे असते असे आमचे म्हणणे नाही. त्याचे हितसंबंधही त्यात गुंतलेले असतात. पण तोही त्या जागेकडे ऋतूमागून ऋतू परत येणारा माणूस होता, आणि त्याचे म्हणणे निदान तपासून पाहण्याजोगे होते. अभ्यास १९८० ला सुरू झालाच होता. दोन-चार वर्षे थांबता आले असते. शास्त्राने आपली चूक दहा वर्षांत दुरुस्त केली. गोळीबारात गेलेल्यांच्या घरी ती दुरुस्ती पोहोचण्यास उशीर झाला होता.

क्रौंचांची गोष्ट थोड्यात सांगता येते. १९९३-९४ च्या हिवाळ्यात एकही पक्षी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पिंजऱ्यात वाढविलेले क्रौंच आणून सोडण्याचे प्रयत्न झाले, ते साधले नाहीत. मग १९९६ च्या आरंभी अकस्मात चार पक्षी उतरले. दोन हिवाळ्यांचे शून्य पाहून कोणी जाणे सोडले असते, तर हे चौघे येऊन गेल्याचे कळले नसते. त्यानंतर काही वर्षे एखाददुसरी जोडी येत राहिली. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली. त्यानंतर कोणी आले नाही. इराणच्या कॅस्पियन किनाऱ्याजवळ २००७ नंतर बहुतेक हिवाळ्यांत ह्या पश्चिमेकडच्या क्रौंचांपैकी एकच नर दिसत राहिला; तेथल्या लोकांनी त्यास 'ओमीद' म्हणजे आशा असे नाव दिले. चीनमधील पोयांग सरोवरावर येणारे काही हजार क्रौंच ही ह्या जातीची आता खरी शिल्लक आहे. त्यांची वाट वेगळी, आणि ती वाट ते पिल्लांस शिकवितात. भरतपूरची वाट शिकविणारा कोणी उरला नाही.

केवलादेवचे पुढचे संकट पाण्याचे निघाले. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले, आणि तेथल्या शेतकऱ्यांनी आपल्या हक्काचे पाणी उद्यानास सोडण्यास हरकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काही वर्षे तळी जवळजवळ कोरडी राहिली. पुढे गोवर्धन नाल्याचे आणि चंबळेचे पाणी नळांवाटे आणले गेले. पक्षी की शेतकरी, असा प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला, आणि म्हशींच्या प्रकरणात शिकलेला धडा किती स्मरणात राहिला हे त्यावरून पाहता येते. ह्या वेळी निदान बंदुकीने तो सोडविला गेला नाही.

चित्रबलाक व चमचे आजही पावसाळ्यानंतर तेथल्या बाभळींवर घरटी करतात. पट्टकादंब आणि बदके उत्तरेकडून हिवाळ्यात येतात. १९८७ पासून दर जानेवारीस भारतभर पाणपक्ष्यांची गणना होते. अशा गणनेच्या तक्त्यात केवलादेवच्या सायबेरियन क्रौंचाच्या रकान्यात २००२ नंतर शून्य पडत गेले. वाचणाऱ्यास तो रकाना रिकामा वाटेल. परंतु पक्षी आला नाही, असे खात्रीने लिहिण्यासाठी त्या थंडीत कोणीतरी पहाटे काठावर जाऊन उभे राहिले होते, आणि पुढच्या हिवाळ्यातही त्यास जावे लागणार आहे.